दोर धरला म्हणजे लेक दिली

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक दोर वळणारा राहायचा. गाव मधावर जगायचं. कड्याच्या अंगाला, जिथे माणसाचाच काय, शेळीचाही पाय पोचणार नाही अशा कपारींत आग्या माश्यांची मोठमोठी मोहोळं लागायची. उन्हाळा तापला की गावातले गडी कमरेला दोर बांधून खाली उतरायचे, ओल्या गवताचा धूर द्यायचे आणि मध काढून आणायचे. म्हणजे गावाचं पोट मधावर, आणि मध दोरावर. दोर सगळे या एकाच माणसाच्या हातचे. मग त्याचा रुबाब काय विचारता!

त्या गावाची एक जुनी रीत होती. कड्याच्या काठावर एक दगडी खुंट होता. त्या खुंटाला दोराचे वेढे देऊन माणूस खाली सोडत. खुंटापाशी एक जण उभा राहून दोर सोडी, आणि त्याच्या मागे दुसरा एक जण दोराचं टोक घट्ट धरून, टाचा रोवून बसे. खरा जीव त्या टोकात. टोक ताणलेलं असलं तर वेढे बसून राहत, टोक ढिलं पडलं की वेढे सुटत. हे टोक कुणीही धरायचं नाही. ते धरायचं उतरणाऱ्याच्या सासऱ्याने, सासरा नसला तर मेहुण्याने. भाऊबंदांचं काय सांगावं, वाटणीवरून कुणाच्या मनात कधी कली शिरेल! पण आपल्या लेकीचं कुंकू आपल्या मुठीत आहे म्हटल्यावर कोणता बाप मूठ सैल सोडील?

म्हणून बिनलग्नाची पोरं कड्यावर उतरत नसत. ती मधाची मडकी वाहत. ज्या दिवशी एखादा बाप एखाद्या पोराचा दोर पहिल्यांदा धरी, त्या दिवशी गाव समजून जाई की सोयरीक ठरली. हळद, अक्षता, वाजंत्री मागाहून. ‘दोर धरला म्हणजे लेक दिली’ अशी तिथे म्हणच होती.

दोर वळणाऱ्याला एकच लेक होती. कड्यावर पिवळी सोनकी फुलली होती त्या दिवसांत जन्मली, म्हणून तिचं नावही सोनकी. आई लवकर गेली. बापाची थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आलेली, तिने पोरीला वाढवलं. बापाने लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, यात खोटं काही नाही. पण जपणं आणि जखडणं यांच्यातला फरक त्याला कधी कळला नाही. तिने केस कसे विंचरायचे, विहिरीवर कोणाशी बोलायचं, जत्रेत किती वेळ थांबायचं, सगळं तो ठरवायचा. ती काही बोलू लागली की म्हणायचा, “तुझ्याच भल्याचं सांगतोय.” या एका वाक्यापुढे लेकरांनी काय बोलावं? ती गप्प बसायची, आणि बापाला वाटायचं, पोरीला पटलं.

तिने शिकावं असं त्याला एकच वाटलं, ते म्हणजे दोर वळायचं काम. लहानपणापासून ती त्याच्यासमोर बसून घायपाताचा वाख पिंजायची, चाकाची मूठ फिरवायची. पण दोर पुरा होत आला, की तो तिला छपराबाहेर पाठवायचा. दोराला दगड टांगून त्याचा पीळ कसा बसवायचा, पाणी कधी मारायचं, किती सुकू द्यायचं, हे तो दार लोटून एकटाच करी. “शेवटचा पीळ बायकांनी बघू नये,” म्हणायचा. रीतबीत काही नव्हती तशी. लेकीला आपल्यावाचून एक काम तरी पुरं करता येऊ नये, एवढीच त्याची इच्छा. ती त्याने स्वतःलाही कधी कबूल केली नव्हती.

गावात खेमा नावाचा एक पोरगा होता. आईबाप नाहीत, भाऊबहीण नाही. मडकी वाहायचा आणि पडेल ते काम करायचा. एकदा दोर वळणाऱ्याने ओट्यावर नवा दोर मांडला होता. खेमाने तो हातावरून सरकवला आणि एका जागी थांबला.

“मामा, हितं वाख कच्चा राहिलाय बघा,” तो म्हणाला.

चार माणसं बसली होती. दोर वळणाऱ्याने तो भाग उकलून पाहिला, तर खरोखरच कच्चा! त्याने मुकाट्याने दोर परत वळला. एखाद्याने त्या पोराचे आभार मानले असते, कारण त्या दोराने उद्या कुणाचा तरी जीव घेतला असता. पण याने त्या दिवसापासून खेमाला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

आणि नेमकं त्याच खेमावर सोनकीचं मन बसलं. बापाने दुसरीकडे जावई हेरून ठेवला होता. लांबच्या नात्यातला, नंदीबैलासारखी मान डोलावणारा, घरजावई म्हणून राहायला एका पायावर तयार. एके दिवशी वाख पिंजता पिंजता सोनकी म्हणाली, “आबा, मला त्या घरी न्हाई द्यायचं. मला खेमा पसंत हाय.”

बाप आधी हसला. “तेरड्याचा रंग तीन दिवस. जाईल उडून.”

“वरीस झालं, आबा. उडाला न्हाई.”

मग मात्र तो हसला नाही. पोरीने आपल्याला न विचारता वर्षभर काहीतरी मनात ठेवलं, याचाच त्याला जास्त राग आला. खेमा वाईट होता का? नव्हता. आळशी होता का? तेही नाही. पण तो आपण निवडलेला नव्हता, आणि एवढा एक दोष त्याला पुरला.

आत्याने भावाला समजावलं. “अरं, माझ्या धन्याचा दोर तू धरायचास. तो उतरला की मी घरात निवांत भाकऱ्या थापायची. का? तर टोकाला माझा भाऊ बसलाय म्हनून. ते सुख तुझ्या लेकीला नगं का?”

“मी निवडीन त्याचा दोर धरीन की.”

“सुंभ जळंल, पन पीळ जळायचा न्हाई तुझा,” आत्या म्हणाली आणि कपाळाला हात लावून उठली.

पुढे मोहोळांचे दिवस आले. गाव कड्यावर जमलं होतं, तिथे खेमा सगळ्यांदेखत पुढे झाला. त्याने दोर वळणाऱ्याचे पाय धरले. “मामा, माझा दोर धरा. मी जल्मभर तुमचा ल्योक होऊन राहीन.”

सगळे बघत होते. सरळ ‘नाही’ म्हणावं, तर लोक कारण विचारतील. कारण तर काही नव्हतं. तेव्हा दोर वळणाऱ्याने एक अट काढली. आपण अन्यायी दिसू नये म्हणून माणसं अटी काढतात, त्यातलीच ती.

“मी दोर धरनार न्हाई. या गावातला दुसरा कुनी धरनार न्हाई, आन माझा दोर तुला मिळनार न्हाई. तरीबी वाघकपारीचं मोहोळ काढून आन. आनलंस तर लेक तुझी. सगळं गाव साक्षी हाय.”

वाघकपार म्हणजे कड्यातली सगळ्यात अवघड जागा. लोक हसले. काहींना वाईटही वाटलं. पण सगळ्यांचेच हात त्याच्या दगडाखाली अडकलेले. पुढच्या साली याने दोर दिला नाही, तर पोरंबाळं खातील काय? कुणी एक शब्द बोललं नाही. दोर वळणारा मनात खूश होऊन घरी गेला. अट अशी घातली होती, की ती कुणाला पुरी करताच येऊ नये. पोरगा चार दिवस हिरमुसेल, पोरगी चार दिवस रडेल, मग सगळं आपण म्हणतो तसं होईल.

इथे तो चुकला. तरणी माणसं अट ऐकतात तेव्हा त्यांना ‘नाही’ ऐकू येत नाही. त्यांना वाट दिसते.

बाप बाजाराला गेला, की सोनकी आत्याच्या सासरच्या रिकाम्या गोठ्यात जायची. तिथे तिने दोर वळायला घेतला. आत्याला कळलं तेव्हा ती घाबरली. “पोरी, टोकाला कोन बसंल?” सोनकी म्हणाली, “आबा येतील. ऐन वेळेला न्हाई राहवनार त्यांना.” तिला बापाबद्दल एवढी खात्री होती. आत्यालाही वाटलं, दगडाचं काळीज थोडंच आहे! तिने गोठ्याचं दार उघडंच ठेवलं.

एका सकाळी दोर वळणारा छपरात चाक लावत होता, तेव्हा आत्या धापा टाकत आली. तिच्या पायात वहाणही नव्हती.

“धाव लेका! खेमा वाघकपारीत उतरलाय. सोनकी एकलीच दोर सोडतीय. माझ्या हातात बळ असतं तर मीच बसले असते. चल लवकर, नुसतं टोक धर.”

तो उठला आणि गेला. धावलाही, हे खोटं नाही. पण कड्यावर पोचल्यावर त्याला आधी दिसली ती माणसं. निम्मं गाव येऊन काठापासून दूर उभं होतं आणि सगळ्यांनी त्याच्याकडेच तोंडं वळवली. त्याचे पाय मंदावले.

खुंटापाशी सोनकी उभी होती. पदर खोचलेला, हात दोरावर. मागे टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ते स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. खालून धूर वर येत होता. बापाला पाहताच तिचा चेहरा उजळला.

“आलात, आबा? मला ठावं हुतं. धरा टोक.”

तिच्या कमरेच्या गाठीपुढे उरलेलं टोक त्याच्या पायापाशी लोळत होतं. वाकलं की हातात येईल, इतकं जवळ. पण वाकायचं म्हणजे सगळ्या गावासमोर वाकायचं. दोर धरला म्हणजे लेक दिली. म्हणजे आपली अट मोडली, आपला शब्द पडला, आणि तो पोरगा जिंकला.

“कुनाचा हा दोर?” त्याने विचारलं.

“मी वळलाय.”

“माझ्या चोरून?”

“तुमच्याच हाताखाली शिकले, आबा. धरा ना.”

त्याने दोराकडे पाहिलं. शेवटचा पीळ हिला कुठला येतोय, त्याच्या मनात आलं. कच्चा असणार. पीळ उलगडून दोर गरगरू लागला की पोरगा भिऊन आपणच वर येईल, आणि मग सगळ्यांना कळेल की माझ्यावाचून या कड्यावर पान हलत नाही.

तेवढ्यात खाली मोहोळ उठलं. माश्यांचं घोंगावणं वरपर्यंत आलं आणि दोराला हिसका बसला. खुंटावरचा एक वेढा सरकला. सोनकीने दोन्ही हातांनी दोर आवळला, पण पुढचा दोर आणि मागचं टोक एकाच वेळी कुणाला धरता येतं?

शेजारचा एक गडी पुढे झाला. दोर वळणाऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. “पुढच्या साली दोर नगं वाटतं तुला?” तो गडी जागच्या जागी थांबला.

“आबा, आधी धरा, मग काय ते बोलू!” सोनकी ओरडली.

“धरतो. आधी म्हन, खेमाचा नाद सोडीन.”

आत्या किंचाळली, “अरं, ही येळ हाय का रं!” पण तो हलला नाही. हात पुढे करून तो उभा राहिला, बाजारात सौदा ठरेपर्यंत माल हातचा न सोडणाऱ्या माणसासारखा. आता ती कबूल होणार, हे त्याला दिसत होतं. क्षणभर थांबायचं, एवढंच.

सोनकीच्या तळहातांतून रक्त येऊ लागलं होतं. तिने एकदा कड्याखाली पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं.

“सोडते, आबा! सोडते त्याचा नाद! तुमी म्हनाल तिथं जाते, पन धरा!”

त्याला हवं होतं ते मिळालं. तो पुढे झाला आणि टोकासाठी वाकला. त्याच क्षणी दोराला दुसरा हिसका बसला, खुंटावरचे वेढे एकामागून एक सुटले, टोक त्याच्या बोटांना चाटून गेलं, आणि सोनकी काठावर नव्हती. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

दोर वळणारा वाकलेलाच राहिला. त्याचा हात जमिनीजवळ, बोटं अर्धी मिटलेली.

मग गावात बोलणं सुरू झालं. माणसाला दुःखापेक्षा दोष जड वाटतो, तो आधी दोष उतरवायला बघतो. “मी ढकललं का तिला? मी दोर कापला का?” दोर वळणारा भेटेल त्याला विचारत होता. “दोर कच्चा हुता. पोरीला शेवटचा पीळ ठावा न्हवता. मला विचारलं असतं तर असं झालं नसतं.” लोकही माना हलवत होते. त्यांनाही स्वतःचा दोष उतरवायचाच होता. “नशिबात हुतं,” कुणी म्हणालं. “वाघकपार वाईटच,” दुसरा म्हणाला. बैल गेल्यावर झोपा करायला सगळे हजर होते.

गडी दरीत उतरले आणि दोघांना घेऊन वर आले. आणताना त्यांना दोर सोडवता आला नाही, गाठी इतक्या आवळल्या होत्या. म्हणून दोघंही तशीच आणली, एक टोक खेमाच्या कमरेला, दुसरं सोनकीच्या. ओढ्याकाठी सरण रचलं. एका म्हाताऱ्याने दोर वळणाऱ्याच्या हातात कोयता दिला. “तुझं काम हाय. काप मधला दोर.”

त्याने कोयता घेतला. पण कापण्याआधी, जन्मभराची सवय म्हणून, त्याने दोर हातावरून सरकवायला सुरुवात केली. खेमाच्या बाजूने वीतवीत करत तो पुढे सरकत गेला. खरं सांगायचं तर तो एखादी खोट शोधत होता. एवढीशी खोट मिळाली, एक कच्चा वाख, एक ढिला पीळ, तरी उरलेलं आयुष्य त्याच्या आधारावर काढता आलं असतं. इतका तो गरीब झाला होता.

खोट नव्हती. वाख मऊ पिंजलेला. पीळ सारखा. दगड टांगून, पाणी मारून, सावलीत सुकवून बसवलेला. छपराच्या कुडाला एक फट होती, ती त्याला आत्ता आठवली. पोरीने बाहेर उभं राहून सगळं पाहिलं होतं, आणि त्याच्याहून चांगलं केलं होतं. एवढ्या कड्यावरून पडूनही दोर कुठे तुटला नव्हता. तो सोनकीपर्यंत आला आणि थांबला.

“धड हाय का रं दोर?” आत्याने विचारलं.

“धड हाय.”

“मग?”

कड्यावर पुढे होताना ज्याला त्याने थांबवलं होतं तो गडी तोंड फिरवून उभा होता.

“मी हुतो तिथं,” दोर वळणारा शेवटी म्हणाला. “हाताच्या अंतरावर हुतो. हो म्हनाली बिचारी. तिच्या तोंडून हो वदवून घेत बसलो.” आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

त्याने कोयता बाजूला ठेवला. सोनकीच्या कमरेच्या गाठीपुढे दोराचं थोडं टोक उरलं होतं. तो तिच्या मागे जाऊन खाली बसला, कड्यावर सासरा बसतो तसा, टाचा मातीत रोवून. ते टोक त्याने दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, “दिली. खेमाला लेक दिली.”

हळद कुणी लावली नाही, वाजंत्री कुणी वाजवली नाही. आत्याने तेवढ्या चार अक्षता आणून दोघांवर टाकल्या. सरण पेटलं तरी तो टोक सोडीना. जाळ मुठीपर्यंत आला तेव्हा लोकांनी त्याला ओढून बाजूला नेलं. दुसऱ्या दिवशी राख गोळा करायला गेले, तर राखेत दोर तसाच पडलेला दिसला, पीळही मोडला नव्हता. बापाने बोट लावलं आणि तो भुगा झाला.

त्यानंतर त्याने दोर वळला नाही. गावातल्या पोरांना मात्र त्याने सगळं शिकवलं, मुलींनाही, दार उघडं ठेवून. कुणी समजूत घालायला आलं आणि ‘नशिबात होतं’ म्हणालं, की तो त्याला मध्येच थांबवायचा. “नशीब न्हवतं. मी हुतो.” लोकांना ते ऐकवत नसे, कारण मग त्यांनाही आठवे की तेही तिथेच होते.

गावाची रीतही बदलली. आता कड्यावर कुणीही उतरो, कुणाचा जावई असो की नसो, काठावर जो असेल त्याने टोक धरायचं. एखादा म्हातारा अजून जुन्या खोडीने विचारतो, “कुनाचा पोर हा? कुनी सांगितलं ह्याला उतरायला?” तेव्हा बाकीचे त्याला सोनकीचेच शब्द ऐकवतात: “आधी धर, मग बोलू.”

तात्पर्य: मूल काठावर उभं असताना आईबापांनी त्याच्याकडून होकार मागू नये, त्याला हात द्यावा. जो वेळेला हात आखडून उभा राहतो, त्याने ढकललं नाही, एवढ्यावरून तो सुटत नाही.